आबांच्या पायाचं लाकूड

मी शाळेत मराठी शिकवते. सुतारकामाशी माझा काही संबंध नाही. तरी कुणाच्या घरी नवी खुर्ची आली की माझा हात नकळत तिच्यावरून फिरतो आणि हे सागवान, हा आंबा, ही शिवण, असं मनात येऊन जातं. हे ज्ञान मला एका हिवाळ्यात मिळालं. वडिलांच्या कापलेल्या पायाच्या जागी बसवायला आम्ही लाकूड शोधत होतो, तो हिवाळा. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. त्या लाकडाबद्दल मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. सांगायचं तर आधी पायाबद्दल सांगावं लागतं, आणि पायाचं सांगायचं तर मी काय केलं तेही सांगावं लागतं.

आमचं गाव धरणगावपासून दोन कोसांवर. काळी जमीन, कापूस. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते चौथीपर्यंत शिकलेले, माय अजिबात नाही. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि तीही मुलगी. लोक आबांना काय काय म्हणाले ते त्यांनी मला कधी कळू दिलं नाही. धुळ्याला मला पोचवायला ते एस.टी.ने आले तेव्हा माझी पत्र्याची पेटी त्यांनी स्टँडपासून डोक्यावर वाहिली. कॉलेजच्या पायऱ्यांशी येऊन ते थांबले. आत जाताना वहाणा काढायच्या की नाही हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी त्या काढल्याच, आणि फरशीवर धुळीचे पाय उमटू नयेत म्हणून कडेकडेने चालत फी भरायच्या खिडकीपर्यंत आले. आज माझ्याकडे जे काही आहे ते त्या कडेकडेने चालण्यातून आलेलं आहे, असं मी मानते.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा पौष महिन्यात त्यांची गाडी उलटली. कापसाने भरलेली बैलगाडी जिनिंगला नेत होते. उतारावर एक बैल बुजला, आबा खाली पडले आणि चाक उजव्या नडगीवरून गेलं. गावात पाय बांधला, आठ दिवस लेप लावले, आणि पाय काळा पडायला लागल्यावर काकांनी त्यांना ट्रकमध्ये घालून धुळ्याच्या दवाखान्यात आणलं. काका मला होस्टेलवर घ्यायला आले. आम्ही दोघं रात्रभर आबांजवळ बसलो. सकाळी काका म्हणाले, मी वहिनीला घेऊन येतो, आणि पहिल्या गाडीने गावी गेले. दुपारी डॉक्टरांनी सांगितलं की थांबता येणार नाही, आजच कापावा लागेल. कागदावर सही मी केली. आबा शुद्धीवर नव्हते, आणि सही करणारं घरचं दुसरं माणूस तिथे नव्हतं.

ऑपरेशन झाल्यावर वॉर्डातल्या एका मावशींनी मला बाहेर बोलावलं आणि माझ्या हातात पांढऱ्या कापडाचं एक गाठोडं दिलं. त्या काळी कापलेला अवयव नातेवाइकांकडे देत. बरोबर पुरुष माणूस नाही का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. नदीकाठी स्मशान आहे, तिथे कुणालाही सांग, ते करतील, असं समजावून त्या आत गेल्या.

मी वीस वर्षांची होते. गाठोडं मी दोन्ही हातांवर आडवं धरलं होतं. दुसरं कसं धरणार? ते किती जड होतं हे मला आजही आठवतं, पण कशाइतकं जड ते सांगता येत नाही.

स्मशानाच्या फाटकापर्यंत मी गेले. आत एक चिता पेटलेली होती आणि भिंतीशी पंधरा-वीस पुरुष बसले होते. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. आईबाप गेले तरी दारातूनच परततात. त्या पुरुषांनी एकदम माझ्याकडे बघितलं. माझा पाय फाटकाच्या आत पडेना. मी वळले आणि पांझरा नदीच्या काठाने खाली चालत राहिले.

पुढे वाळूत एक बाई टरबुजाची वाडी लावत होती. नदी आटली की वाळूत खड्डे घेऊन, शेणखत भरून त्यात वेल लावतात, ते काम चालू होतं. तिने कुदळ थांबवली आणि माझ्या हातांकडे बघितलं.

"बाळ शे का?" तिने विचारलं.

तान्ह्या बाळाला आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. माझ्या हातातला आकार तसाच होता. मला फक्त नाही म्हणायचं होतं. मी मान हलवली ती होकाराची.

त्या बाईने पुढे एक शब्द विचारला नाही. गळ्यात मंगळसूत्र नाही हे तिला दिसलं असणारच. वाडीपासून दूर, काठाच्या मातीत, एका बोरीच्या आडोशाला तिने कंबरेएवढा खड्डा केला. मी गाठोडं खाली ठेवलं. भाकरीच्या फडक्यात बांधलेलं मीठ तिने सोडलं आणि ते सगळं वर टाकलं. माती लोटून झाल्यावर तिने माझं डोकं स्वतःच्या खांद्याशी धरलं. तिच्या लुगड्याला खताचा वास येत होता.

"रडू नको बाई," ती म्हणाली. "तुनी कूस काय वाळनी नही."

मी रडले. कापलेल्या पायासाठी रडले, आबांसाठी रडले, आणि खोटं सांगायचं कशाला, त्या नसलेल्या बाळासाठीसुद्धा रडले. तिने इतक्या खरेपणाने माझं सांत्वन केलं की ते बाळ त्या घटकेपुरतं होतंच.

दुसऱ्या दिवशी काका मायला घेऊन आले. मी काकांना व्हरांड्यात नेऊन पाय नदीकाठी पुरल्याचं सांगितलं. बाळाचं नाही सांगितलं. काकांनी कपाळाला हात लावला. परक्या गावात, नदीच्या काठी, घरचं एक माणूस सोबत नाही. भावाला हे कळलं तर तो खचेल, असं त्यांना वाटलं. आणि आबा शुद्धीवर आले ते हाच प्रश्न घेऊन. मना पाय कोठे शे? काकांनी मला आधीच शिकवून ठेवलं होतं.

"गावले लई गयात, बांधवर गाडी दिना, आसं सांग. भाऊनं मन थंडं ऱ्हाई."

पाय गावाला नेऊन आपल्या बांधावर पुरला, असं मी सांगितलं. आबांनी डोळे मिटले आणि पहिल्यांदा शांत झोपले. ते बघून मला वाटलं, आपण चांगलंच केलं.

काका गावी जाऊन एक पाऊल पुढे गेले. आमच्या शेताच्या उगवतीच्या बांधावर शिवणीचं एक झाड आहे. त्याखाली त्यांनी थोडी माती उकरून पुन्हा लोटली आणि वर एक दगड ठेवला. आबा घरी आल्यावर कुबड्यांवर पहिल्यांदा गेले ते त्या दगडापाशी. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले तेव्हा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती. आखाजीला आमच्याकडे पितरांसाठी पाण्याची घागर भरतात. त्या सकाळी आबा एक तांब्या वेगळा घेऊन निघाले. मी त्यांच्या मागे. शिवणीखाली ते कुबडीवर तोल सांभाळत वाकले, दगडावर पाणी घातलं आणि म्हणाले, पितर व्हयेल शे तो बी. आपण केलेल्या विनोदावर ते हसले. मला हसू आलं नाही. रिकाम्या मातीवर पाणी जिरत होतं आणि मी ते बघत उभी होते.

गेलेला पाय जाणवतो, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. मेंदूला पाय गेल्याचं कळलेलं नसतं, असं काहीतरी त्याचं कारण आहे. पण तेव्हा आम्हाला कुणाला ते ठाऊक नव्हतं. दुपारी ओट्यावर बसलेले असताना आबा एकदम खाली हात नेत आणि जिथे काही नव्हतं तिथे, हवेत, खाजवू लागत. बोटं आवळली गेली आहेत म्हणत. अंगठ्यावर अंगठ्याशेजारचं बोट चढलंय, ते कुणीतरी सोडवा म्हणत. हे सगळं मी सहन केलं असतं. पण त्यांची नेहमीची तक्रार वेगळी होती.

"पाय ओला लागस," ते म्हणत. "चिखलमा ठेयेल शे जसा."

माय समजूत काढायची, की बांधावर कसला चिखल, उन्हाळ्यात तर भेगा पडल्यात. मी तिथून उठून जायचे. भादव्यात पांझरेला मोठं पाणी आलं. मी तेव्हा निकाल हातात घेऊन धरणगावच्या एका शाळेत तात्पुरती शिक्षिका म्हणून लागले होते आणि रोज घरून ये-जा करत होते. धुळ्याहून आलेल्या एका शिक्षकाने स्टाफरूममध्ये सांगितलं की काठ तुटलेत, नदीकाठच्या वाड्या, झाडं, सगळं गेलं. मी संध्याकाळी घरी आले. आबा ओट्यावर होते. त्यांनी आपणहून सांगितलं, की आज सकाळपासून पाय हलका लागतोय, तळव्याखाली काहीच नाही असा. योगायोग असेल. मी शिकलेली आहे, योगायोग म्हणजे काय ते मला कळतं. पण त्यानंतर मी काही दिवस आबांच्या समोर बसून जेवू शकले नाही.

आता लाकडाकडे येते.

दिवाळीनंतर कुणीतरी सांगितलं की फैजपूरकडे एक म्हातारा मिस्त्री लाकडाचा पाय करतो. स्वतःच्या भावासाठी त्याने पहिला केला होता, नंतर आणखी दोघांसाठी. जयपूरचा पाय वगैरे आम्ही ऐकून होतो, पण तो कुठे आणि कसा मिळतो हे आम्हाला माहीत नव्हतं. जळगावला गाडी बदलून आबा आणि मी त्या मिस्त्रीकडे गेलो. केळीच्या बागांच्या कडेला त्याची पत्र्याची शेड होती. आबांनी गेल्या गेल्या त्याला आपली एकच मागणी सांगितली. येत्या मृगात पाभरीमागे चालायचंय. पाभर म्हणजे पेरणीचं अवजार. बैल पुढे, पाभर मध्ये आणि मागे माणूस बी सोडत चालतो. गेल्या पेरणीला आमच्या शेतात आबांच्या जागी काका चालले होते आणि आबा बांधावर बसून होते. त्या दिवशी ते कुणाशी बोलले नव्हते.

मिस्त्री फार कमी बोलायचा. त्याने आबांचा चांगला पाय दोन्ही हातांनी दाबून पाहिला, पोटरी, घोटा, टाच. मग उरलेला पाय पाहिला. मग उठून शेडमध्ये लाकडांच्या थप्पीपाशी गेला आणि आम्हाला लाकूड दाखवायला लागला. मला वाटतं आबा शेतकरी आहेत, यांना झाडं कळतात, म्हणून त्याने ते मनापासून दाखवलं. बाभूळ गाडीच्या चाकाला चांगली, पण पायाला बांधली तर माणूस संध्याकाळपर्यंत पाय ओढत बसेल. सागवानही तसंच जड. पांगारा हलका, पण बोटाने दाबला तरी खड्डा पडतो. महारुख घामाने कुजतो. आंब्याला कीड लागते. प्रत्येक तुकडा तो आबांच्या हातात द्यायचा, आणि आबा तो तोलून, वास घेऊन, नखाने ओरखडून परत द्यायचे. दोघं जणू एकमेकांची परीक्षा घेत होते.

शेवटी त्याने वरून एक फिकट पिवळा ओंडका काढला. शिवण. पाण्याच्या टाकीत टाकला तर निम्म्याहून जास्त वर तरंगत राहिला. त्याने एक पातळ ढलपी काढून ओली केली आणि उन्हात ठेवली. आम्ही चहा पिईपर्यंत ती वाळली, आणि जराही मुरडली नाही. हेच बघायचं असतं, तो म्हणाला. एकदा वाळलेली शिवण पुन्हा वाकडी होत नाही. कुठल्यातरी पाड्यावरच्या ढोलासाठी आणली होती, ढोल दुसऱ्या झाडाचा झाला, ही तीन वर्षं इथेच पडून वाळली. नडगीच्या जागी गाठ नाही. आणि खालचं टोक कुठलं तेही त्याने खडूने खूण करून ठेवलं होतं. झाड जसं उभं होतं तसंच लाकूड उभं राहिलं पाहिजे, बुंध्याकडची बाजू टाचेला. उलटं लावलं तर त्याच्या मते माणूस अडखळत राहतो.

मला हायसं वाटलं. पण आबांनी ओंडका खाली ठेवला.

आमच्या बांधावरही शिवण आहे, ते म्हणाले. मला तिचाच पाय पाहिजे.

मिस्त्रीने कारण विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. आमच्याकडे बाळाची नाळ आपल्याच मातीत पुरतात. माणूस मग कुठेही गेला तरी तिथे परत ओढला जातो. मला धुळ्याला ठेवून निघताना आबा असंच म्हणाले होते, तुनी नाळ आठे शे, तू येशीच. आता त्यांचं म्हणणं असं, की पाय त्या झाडाखाली पुरला आहे, झाडाची मुळं तिथे गेली आहेत. त्या झाडाचं लाकूड अंगाला परकं वाटणार नाही. आपलं आपल्याला परत मिळेल. मिस्त्रीने हे हसण्यावारी नेलं नाही. झाड बघून सांगतो, इतकंच म्हणाला.

आठवड्याने तो आमच्या गावी आला. सकाळचे दहा वाजले असतील. काका कुऱ्हाड घेऊन आले होते. आबा दगडाच्या बाजूला कुबड्यांवर उभे. मिस्त्रीने झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, खोडावर कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे मागची बोथट बाजू, आपटून कान लावला, झाड कलतं कुठल्या बाजूला ते पाहिलं. कलत्या झाडाच्या पोटाकडचं लाकूड घ्यायचं नाही, पाठीकडचं घ्यायचं, असं त्याने काकांना दाखवलं. लाकूड उत्तम आहे म्हणाला. मग तो आबांकडे न बघता माझ्याकडे बघून बोलला. शिकलेली म्हणून असेल.

"लाकूड ओलं हाये. दोन उन्हाळे सावलीत वाळलं पाहिजे. तवरोक हा माणूस बसून राहिला तं कंबर चालनं इसरून जाईन. मंग सोन्याचा पाय केला तरी उपेग नाई."

त्याच्या भावाचं तसंच झालं होतं, हे त्याने नंतर सांगितलं. पहिला पाय करायला त्याने फार वेळ लावला होता.

आबांनी सगळं ऐकलं. शांतपणे म्हणाले, दोन उन्हाळे थांबतो. आठलंच लाकूड. मना पाय आठे मुराई गया.

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत गप्प राहण्याची विनंती होती. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी भावावर मायाच केली होती. पण मला एकदम दिसलं की आता हे खोटं आबांचा दुसरा पायही घेणार आहे. कंबर, मग मांडी, मग सगळा माणूस. काकांनी लुगडं नेसवल्यासारखी खोडाला दोरी गुंडाळायला सुरुवात केली होती, कोसळताना झाड पिकावर पडू नये म्हणून.

"आबा," मी म्हणाले, "पाय आठे नही शे."

काकांचा हात दोरीवर थांबला. मिस्त्री दोन पावलं मागे सरकला आणि दुसरीकडे बघू लागला. आबांनी खाली दगडाकडे पाहिलं. त्यावर त्या वर्षीच्या पाण्याचे पांढरे ओघळ वाळून राहिले होते.

"मंग कोठे शे?"

मी सांगितलं. फाटकाशी बसलेले पुरुष, वाळू, वाडी, कुदळ. सांगताना मी मान वर केली नाही. नदीला पाणी आलं आणि काठ तुटला हेही सांगितलं. बाळाचंही सांगितलं, कारण आता काही ठेवून घ्यायचं नव्हतं. ती बाई बाळ समजली आणि मी तिला समजू दिलं. हे ऐकून काका दोरी टाकून शेताच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागले. आपल्या लग्नाच्या पुतणीने परक्या गावात असं कबूल करावं, हे त्यांना पाय गेल्यापेक्षा मोठं वाटलं असावं. पुढे कितीतरी महिने ते माझ्याशी नीट बोलले नाहीत.

आबांनी दोनच गोष्टी विचारल्या.

"तिनी मीठ टाकं का?"

"टाकं."

"तू रडनी व्हती का तठे?"

मी मान हलवली. आबा कुबड्या सावरत तिथेच उभे राहिले. उन्हं चढत होती, आणि कुऱ्हाड दगडाला टेकून पडलेली होती. ते रागावतील, निदान विचारतील की वर्षभर मला पाणी का घालू दिलंस, याची मी वाट बघत होते. तसं काही झालं नाही. त्यांनी मिस्त्रीला हाक मारली आणि म्हणाले, तुमनं वाळेल लाकूडच घ्या. कधी येऊ माप द्यायला?

पाय फाल्गुनात तयार झाला. मिस्त्री वाकसाने तो तासत असताना मी दोनदा त्याच्या शेडमध्ये आबांबरोबर गेले. दर खेपेला तो वरच्या खोलगट भागात काजळ फासायचा, आबांना त्यात उरलेला पाय ठेवायला सांगायचा आणि पायाला जिथे काजळ लागलं तिथे पटाशीने केसभर लाकूड काढायचा. आत मऊ चामडं लावलं. मांडीला बांधायचे पट्टे धरणगावच्या एका चर्मकाराने शिवून दिले. पाऊल मिस्त्रीने नेहमीपेक्षा रुंद केलं, काळ्या मातीत रुतू नये म्हणून. बुंध्याकडची बाजू टाचेला आहे हे त्याने खडूची खूण दाखवून आबांना पटवलं आणि मगच ती खूण घासून काढली.

मृगात आबा पाभरीमागे उभे राहिले. पाऊल रुंद असूनही रुतत होतं. एक तास म्हणजे शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतची एक ओळ. त्यांनी तीन तासं ओढली. चौथ्याला काकांनी न बोलता त्यांच्या हातातून बियाण्याची ओटी घेतली. आबांनी ती दिली. बांधावर येऊन पट्टे सोडले तर मांडीला रक्त आलं होतं. ते हसत होते. गावातले दोन-चार जण मुद्दाम बघायला आले होते. त्यातला एक म्हणाला, आबा, तुमचा एक पाय पेरणीला आणि एक मोळीला. आबा म्हणाले, दोन्ही बी मनाच शेत, म्हणजे दोन्ही माझेच आहेत. त्या पायावर ते पुढे आठ-नऊ वर्षं चालले. माझ्या लग्नात मांडवात उभे होते. माझ्या मुलीला कडेवर घेऊन ओट्यावर फेऱ्या मारायचे, एक पाऊल मऊ, एक टणक, असा त्यांचा आवाज घरात फिरायचा. मिस्त्रीचे उपकार आम्ही विसरलो नाही. दर दिवाळीला माय त्याच्याकडे फराळ पाठवायची.

मी खरं सांगितलं म्हणून आबा चालले. याबद्दल मला शंका नाही, आणि आजही तशी वेळ आली तर मी तेच करीन.

पण त्या सकाळनंतर आबांनी पायाबद्दल बोलणं सोडलं. ओला लागतो, बोटं आवळली, हलका लागतो, यातलं पुन्हा कधीच काही नाही. सुरुवातीला मला बरं वाटलं. लाकडाने अंग फसलं असेल, जाणीव गेली असेल. मग मी एकदा विचारलं. शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा करून मी माहेरी आले होते. आबा, आता पाय कसा लागतो?

"लाकूड शे बाई," ते म्हणाले. "लाकूडले काय लागस?"

अगदी प्रेमाने म्हणाले. पुढे मी जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा हेच उत्तर मिळालं, त्याच शब्दांत, त्याच आवाजात. लोकांचं बोलणं सोडलं तर माझ्यापासून त्यांनी आयुष्यात दुसरं काही लपवलं असेल असं मला वाटत नाही.

ते गेले त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली एक दुपार आहे. घरातले सगळे पडले होते. मी पाणी प्यायला उठले आणि दारातून ओटा दिसला. आबा भिंतीला टेकून बसले होते, पाय समोर पसरलेले, लाकडाचा पाय बांधलेलाच. ते वाकले होते, आणि उजव्या हाताच्या नखांनी लाकडाच्या पावलाचं टोक, जिथे अंगठ्याशेजारचं बोट असतं ती जागा, खाजवत होते. घाईने नाही. बराच वेळ. तिथली शिवण गुळगुळीत होऊन काळपट झाली होती, म्हणजे हे रोजचं होतं.

माझी सावली ओट्यावर पडली असेल. त्यांचा हात थांबला. त्यांनी तो उचलून सहज मांडीवर ठेवला आणि ऊन फार आहे, आत जा, असं मला म्हणाले.

मी आत गेले.